तेलपट्ट्यातली हवा : वाचकांचे प्रश्न

गुजरातेत सुरत, हजिरा, अंकलेश्वर असा जो तेल आणि वायूचा पट्टा आहे, तिथल्या हवेविषयी आम्ही मागच्या अंकात पत्रं मागवली होती. नंदुरबार, धुळे, जळगावहून सुरतेकडे पोटामागे गेलेली घरं इतकी आहेत की बहुतेक पत्रं घरच्यांचीच आली. कुणाची आई, कुणाचा मेहुणा, शाळेतले गुरुजी. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. नावं मुद्दाम छापलेली नाहीत. कंत्राटी कामगाराचं नाव छापून आलं की त्याचा गेटपास कसा अडतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्न (नवापूर तालुका) : मुलगा हजिऱ्याच्या बाजूला गॅसच्या कारखान्यात कंत्राटदाराकडे टाक्या आणि पाइप साफ करायला जातो. आधी सांगायचा की सडक्या अंड्यासारखा वास येतो. दिवाळीला आला तेव्हा विचारलं तर म्हणे, ‘आते वासच येत नही, आई.’ म्हणजे आता हवा सुधारली का?

उत्तर : नाक थकलं असण्याची शक्यता जास्त. हवा होती तशीच असेल, कदाचित आणखी वाईटही. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा. समुद्रातून हजिऱ्याला येणारा वायू गंधकयुक्त असतो आणि त्यातलं गंधक काढणं हा तिथल्या कामाचा मोठा भाग आहे. हा वायू नाकाला अगदी थोडा असतानाच कळतो, हवेच्या दहा लाख भागांत एक भागही नसताना. दहा लाखांत एक भाग म्हणजे 1 पीपीएम. पण थोड्या प्रमाणात तो सतत हुंगला तरी नाकाची जाणीव बोथट होते, आणि 100 पीपीएमला तर दोन ते पंधरा मिनिटांत वास येणं साफ बंद होतं. माणसाला वाटतं गॅस गेला. 500 ते 700 पीपीएमला पाच मिनिटांत तोल जाऊन माणूस पडतो. 1000 च्या आसपास एक-दोन श्वासांत खेळ संपतो.

त्यामुळे मुलाला वासाबद्दल विचारू नका, मीटरबद्दल विचारा. अंगावर लावायचा गॅस डिटेक्टर त्याला स्वतःला मिळतो, की दहा जणांत एक, तोही मुकादमाच्या खिशात? मीटर कॉलरजवळ हवा, नाकापासून वीतभर अंतरात. पँटच्या खिशातला किंवा जॅकेटच्या आतला मीटर खिशातली हवा मोजतो. पहिला इशारा साधारण 10 पीपीएमला वाजतो. पाळी सुरू होण्याआधी मीटरवर थोडा चाचणीचा गॅस सोडून तो वाजतो की नाही हे रोज पाहायचं असतं. बहुतेक ठिकाणी चुकारपणा इथेच होतो. आतला सेन्सर साधारण दोन वर्षांत म्हातारा होतो. पडदा चालू दिसतो, आकडा शून्य दाखवतो, आणि गॅस असला तरी शून्यच दाखवतो.

हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खड्डा, नाली, टाकीचा तळ, पाइपची खोली अशा जागी साचतो. इशारा वाजला की वारा वाहतो त्या दिशेच्या काटकोनात, बाजूला चालत बाहेर पडायचं, मग वारा जिकडून येतो त्या बाजूला आणि उंचावर जायचं. कारखान्यात उंच काठीवर कापडी पिशवी लटकवलेली असते, ती वारा दाखवते. मुलाला सांगा, कामाला लागण्याआधी रोज तिच्याकडे एकदा बघ. आणि साथीदार पडला तर त्याच्यामागे आत उतरू नकोस. अशा अपघातांत दुसरा, तिसरा माणूस जातो तो पहिल्याला ओढायला उतरलेला असतो. पाठीवर हवेचं सिलिंडर आणि चेहऱ्यावर घट्ट मुखवटा असल्याशिवाय सुटका करता येत नाही. दाढी असली तर तो मुखवटाही बसत नाही, कडेने हवा आत येते.

जाता जाता : हाच वायू आपल्या गावच्या गोबरगॅसच्या शेणखड्ड्यात आणि संडासाच्या टाकीत असतो. टाकीत कंदील सोडून पाहायची जुनी पद्धत आहे. कंदील विझला तर प्राणवायू कमी आहे एवढं कळतं. पेटता राहिला तर हायड्रोजन सल्फाइड नाही असं मुळीच कळत नाही, आणि मिथेन असेल तर भडका उडतो.

प्रश्न (शहादा, शिक्षक) : आमच्या भागातले निम्मे पालक हंगामात तिकडेच असतात. गावात हवेबद्दल जागृती करायची आहे. पोस्टर लावले, कुणी बघत नाही. काय करावं?

उत्तर : पोस्टरवर धुराडं काढून ‘प्रदूषण टाळा’ लिहिलं तर बघणार तरी काय? आपल्याच घराची हवा आपल्याच डोळ्यांनी पाहिली की माणूस थांबतो. नायजेरियातल्या पोर्ट हारकोर्टचं उदाहरण घ्या. 2016 च्या अखेरीपासून त्या शहरावर काळी काजळी पडू लागली. चोरीचं कच्चं तेल बेकायदा भट्ट्यांत उकळून डिझेल-रॉकेल काढायचं, आणि पकडलेल्या भट्ट्या तेलासकट पेटवून द्यायच्या, या दोन्हींची ती भेसळ होती. लोकांनी काय केलं, तर काळे झालेले तळहात, तळपाय आणि पुसलेल्या फरशीचं फडकं यांचे फोटो टाकले. अहवाल नंतर आले, आधी ते तळपाय बोलले.

तुम्ही ताटल्यांचा प्रयोग करा. तीन पांढऱ्या ताटल्या किंवा गुळगुळीत पांढरे पुठ्ठे घ्या. प्रत्येकावर व्हॅसलिनचा इतका पातळ हात फिरवा की खालचा पांढरा रंग स्वच्छ दिसेल. जाड लावलं तर धूळ त्यात बुडते. एक ताटली धुराच्या उगमाकडे वारा जिकडून येतो त्या बाजूला, एक उगमाच्या पलीकडे, एक घराच्या ओट्यावर. जमिनीपासून दीड मीटर उंच, सावलीत, चुलीपासून आणि रस्त्यापासून लांब. बरोबर 24 तास. मागच्या बाजूला जागा, तारीख, वेळ लिहा. नाहीतर संध्याकाळी तीन काळ्या ताटल्या हातात येतात आणि कुठली कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.

मग भिंगातून पाहा. काजळी बोटाने तेलकट फासली जाते, पाण्याने जात नाही. राख चिमटीत खरखरते. मातीचा रंग तपकिरी. काही ठिकाणी लोहचुंबक फिरवून राख ओळखायला सांगतात, कारण कोळशाच्या राखेचे काही कण चुंबकाला चिकटतात. खानदेशात ही युक्ती फसते. आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यातही चुंबकाला चिकटणारे कण भरपूर. आणि एप्रिल-मेमध्ये हा प्रयोग नकोच. वावटळ एका दुपारी ताटली भरून टाकते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ठीक, फक्त दव पडणाऱ्या रात्री वर आडोसा करा.

एक गोष्ट मुलांना स्पष्ट सांगा. ताटलीवर दिसतात ते मोठे कण. फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे अडीच मायक्रॉनच्या आतले कण एकेकटे डोळ्याला दिसत नाहीत. ताटली काळी म्हणजे हवा वाईट हे खरं, पण ताटली पांढरी म्हणजे हवा चांगली असं कुणी सभेत म्हटलं तर तिथेच अडवा.

ताटलीच्या जोडीला वाऱ्याचं रजिस्टर ठेवा. बांबूला तीन-चार मीटर उंचीवर प्लास्टिकची फीत बांधा आणि सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ या वेळांना लिहा : वारा कुठून, वास कसला, धूर कुठून, घरात खोकला किंवा डोळ्यांची आग कुणाला. वारा जिकडून येतो त्या दिशेचं नाव त्याला द्यायचं. पहिल्या आठवड्यात निम्मी मुलं उलटं लिहितात, म्हणून सुरुवातीची पानं तुम्ही तपासा. तीन आठवड्यांत ‘पश्चिमेचा वारा असला की रात्रीच खोकला’ असलं काहीतरी वर येतं, आणि त्यावर ग्रामसभेत बोलता येतं. तिकडे असलेल्या पालकांनी खोलीवर असंच रजिस्टर ठेवलं तर उत्तम. साध्या वहीचं काम आहे.

सभा कधी घ्यायची? सातपुड्यातला मजूर होळीला परततो, बाकीचे दिवाळीला, आणि लेकीबाळी आखाजीला माहेरी येतात. त्या चार दिवसांत घ्या. कॅन्सरच्या पेशंटचे भयानक फोटो लावू नका. लोक मान फिरवतात, आणि ज्याच्या घरी आजारी माणूस आहे तो पुन्हा सभेला फिरकत नाही.

प्रश्न (जळगाव) : मेहुणा अंकलेश्वरला राहतो. मोबाइलवर तिथला हवेचा आकडा 90, म्हणजे ‘समाधानकारक’ दिसतो. तो म्हणतो, डोळे चुरचुरतात आणि गोडसर वास येतो. खोटं कोण, आकडा की मेहुणा?

उत्तर : दोघंही खरे. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ गोष्टींवरून काढतात : पीएम 10 आणि पीएम 2.5 (म्हणजे दहा आणि अडीच मायक्रॉनच्या आतले धुळीकण), नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. कच्च्या तेलातून आणि पेट्रोलमधून उडणारं बेंझिन त्यात नाही. हायड्रोजन सल्फाइडही नाही. तेलाच्या पट्ट्यात, आणि शेजारच्या रासायनिक कारखान्यांतही, घातक ठरतात ते नेमके हे वगळलेले पाहुणे. गोडसर वास बेंझिनच्या कुळाचा असू शकतो. त्यासाठी देशाचं वेगळं मानक आहे, वर्षाची सरासरी घनमीटरला 5 मायक्रोग्रॅम. पण ते रोजच्या रंगीत आकड्यात उमटत नाही.

दुसरी गंमत सरासरीची. धुळीकणांचा आकडा 24 तासांचा असतो. रात्री दोन ते चार कुणी धूर सोडला आणि बाकी बावीस तास हवा बरी होती, तर सरासरीत तो धूर विरघळून जातो. मेहुण्याच्या डोळ्यांना सरासरी कळत नाही. शिवाय मोजणारं यंत्र त्याच्या खोलीपासून किती लांब आहे, वाऱ्याच्या कुठल्या बाजूला आहे, हे बघायला हवं. ज्या जागी हाताने नमुने घेतात तिथे आठवड्यातून दोनदा, वर्षाला साधारण 104 नमुने असतात. उरलेल्या अडीचशेहून जास्त दिवसांची हवा कुणी मोजलेलीच नसते.

अंकलेश्वर भागात तेल 1960 मध्ये लागलं, रासायनिक वसाहत पुढे वाढली. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातले 88 औद्योगिक पट्टे तपासले तेव्हा अंकलेश्वर 88.50 गुण घेऊन सर्वांत वर होतं. त्यानंतर बदल झाले आहेत, पण ‘समाधानकारक’ हा शब्द तिथे दोनदा वाचावा. ‘समाधानकारक’ची मर्यादाही पाहून ठेवा : निर्देशांक 100 म्हणजे पीएम 2.5 चे 60 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची दिवसाची मर्यादा 15 आहे.

प्रश्न (साक्री) : तेलाच्या विहिरीवरची जळती ज्वाळा बघून भीती वाटते. ती विझवलेली बरी ना?

उत्तर : नुसती विझली तर जास्त वाईट. तेलाबरोबर वायूही वर येतो. तो वापरायची किंवा वाहून न्यायची सोय नसली की जाळतात. विझलेल्या नळीतून तोच वायू न जळता बाहेर पडतो, त्यात बेंझिन आणि हायड्रोजन सल्फाइड जसंच्या तसं. आसामात बागजान इथे 27 मे 2020 ला विहीर फुटली आणि 9 जूनपर्यंत वायू नुसता उसळत होता. मग आग लागली, दोन अग्निशामक जवान गेले, आणि ती विझायला 15 नोव्हेंबर उजाडला.

ज्वाळा पिवळी-नारिंगी आणि बिनधुराची असेल तर जळण बरं चाललं आहे. काळा धूर म्हणजे आत हवा कमी पडते. काजळी तिथूनच येते. सोसाट्याच्या वाऱ्यात ज्वाळा फाटते आणि बराच वायू तसाच निसटतो. हिशेबात 98 टक्के जळतो असं धरायची रीत आहे. अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांवर विमानातून मोजलं, 2022 मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा प्रत्यक्षात 91 टक्क्यांच्या आसपास निघाला. ऐकायला फरक सात टक्क्यांचा, पण न जळलेला वायू दोनाचा नऊ झाला, साडेचार पट. जगात 2023 साली असा 148 अब्ज घनमीटर वायू जाळला गेला. खरा उपाय म्हणजे वायू पकडून वापरणं. इक्वेडोरमध्ये नऊ मुलींनी हाच मुद्दा कोर्टात नेला आणि 2021 मध्ये आदेश मिळवला की वस्तीजवळच्या ज्वाळा आधी बंद करा.

प्रश्न (अमळनेर) : मुकादम रोज गूळ देतो आणि तोंडाला रुमाल बांधायला सांगतो. पुरेसं आहे ना?

उत्तर : गूळ खा, गोड लागतो. फुप्फुस त्याने धुतलं जात नाही. रुमाल मोठी धूळ अडवतो, बारीक कण नाही. एन 95 मास्क बारीक कण अडवतो, पण नाकावरची पट्टी दाबून बसवला आणि दाढी नसली तरच, आणि गॅस तो अजिबात अडवत नाही. गॅससाठी कोळशाची डबी लावलेला मुखवटा लागतो. डबी कुठल्या वायूची आहे ते तिच्यावर लिहिलेलं असतं. पाकीट फोडल्यापासून डबी झिजायला लागते, म्हणून फोडल्याची तारीख तिच्यावर पेनने लिहा आणि सुट्टीत झिपच्या पिशवीत बंद ठेवा. वास आला की बदलू, हा हिशेब हायड्रोजन सल्फाइडला चालत नाही. कारण वर दिलंच आहे. टाकीत प्राणवायूच कमी असेल तर अशी कुठलीही डबी निरुपयोगी.

प्रश्न (चोपडा) : यजमान सहा वर्षांपासून तेलाच्या टँकरवर आहेत. छातीचा एक्स-रे चांगला आला. अजून काय तपासावं?

उत्तर : एक्स-रे काढला ते ठीक, पण बेंझिनचा घाव हाडांतल्या मगजावर बसतो, जिथे रक्त तयार होतं, तो एक्स-रेत दिसायचा नाही. त्यासाठी साधी सीबीसी तपासणी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, पांढऱ्या पेशींच्या प्रकारांसह. कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होते. महत्त्वाचं असं की एकाच रिपोर्टने फारसं कळत नाही. समजा पांढऱ्या पेशी पहिल्या वर्षी 8,500, मग 6,200, मग 4,300. तिन्ही वेळा कागदावर ‘नॉर्मल’च छापून येईल, कारण मर्यादा 4,000 ते 11,000. पण ही घसरण डॉक्टरांनी बघायला हवी, आणि तीन कागद एकत्र असल्याशिवाय ती दिसत नाही. म्हणून एक फाइल करा, जुने रिपोर्ट फेकू नका. सर्दीतापात केलेली तपासणी हिशेबात धरू नका, पेशी तेव्हा वरखाली होतात. सोबत फुंकून करायची स्पायरोमेट्री करून घ्या. आणि डॉक्टरांना ‘ड्रायव्हर’ एवढंच सांगू नका. टँकरमध्ये काय भरतं, झाकण उघडून कोण बघतं, किती वर्षं, हे सांगा.

घरात दोन गोष्टी पाळा. कामाचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवा, मुलांच्या कपड्यांत नाही. आणि हात पेट्रोलने धुणं, नळी तोंडाने ओढणं बंद. बेंझिन कातडीतूनही जातं. बेंझिनची विषबाधा कामगार कायद्यात नोंद करायच्या व्यावसायिक आजारांत आहे, तेव्हा फाइल भरपाईसाठीही उपयोगी पडते.

प्रश्न (वरणगाव) : आमच्याकडे तेल नाही, दीपनगरच्या कोळशाच्या वीजकेंद्राची राख आहे. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

उत्तर : ताटली, रजिस्टर आणि फाइल लागू. बेंझिनची काळजी कमी, बारीक कण आणि सिलिकाची जास्त. घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण. राखेचा ट्रक ताडपत्रीशिवाय दिसला तर नंबरासकट फोटो. हिवाळ्यात तापीच्या खोऱ्यात थंड हवा खाली बसते आणि धूर वर जात नाही. पहाटे पाचचं फिरणं नऊनंतर करा. त्याच कारणाने पऱ्हाट्या संध्याकाळी पेटवू नका. खरं तर पेटवूच नका, कुट्टी करून शेतात गाडा.

प्रश्न (तळोदा) : तक्रार कुठे करायची? कुणी दाद देत नाही.

उत्तर : धूर ज्या राज्यात निघतो त्या राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. हजिरा, अंकलेश्वर असेल तर गुजरात मंडळ. आपल्याकडचं असेल तर महाराष्ट्र मंडळ. ‘फार प्रदूषण आहे’ अशा तक्रारीवर अधिकारी काय करणार? तारीख, सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, वारा कुठून, मोबाइलमधले अक्षांश-रेखांश, धुराचा रंग किंवा वास. एका घटनेची एक तक्रार, आणि पोच क्रमांक त्याच वहीत. दहा घटना एका पत्रात घातल्या की उत्तर एकाच घटनेचं येतं आणि प्रकरण बंद होतं.

जोडीला माहितीचा अधिकार. तीन कागद मागा : मंडळाने कारखान्याला दिलेल्या संमतीपत्राची अटींसह प्रत, गेल्या बारा महिन्यांचे धुराड्याच्या तपासणीचे अहवाल, आणि वार्षिक पर्यावरण विवरणपत्र. ते विवरणपत्र कारखान्याने दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं, म्हणून अर्ज ऑक्टोबरात टाका. आधी टाकला तर मागच्या वर्षीचं हातात येतं. महाराष्ट्रात अर्जावर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही, आणि उत्तराची मुदत 30 दिवसांची. गुजरातकडे जाणारा अर्ज मराठीत लिहू नका. कायद्याने तिथली भाषा, हिंदी किंवा इंग्रजी चालते. हिंदीत लिहा, गुरुजींकडून एकदा वाचून घ्या.